पावडरच्या डबीनं झाकलेला चेहरा

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण भंगार म्हणू नका. मी पितळेची पावडरची डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, झाकणावर एक वेल आणि झाकणाच्या आत गोल आरसा. वेलीची पानं झिजली. आरसा मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी पत्र्यावर एक ठोका पडला आणि मला पोट आलं, दुसरा पडला आणि झाकण झालं. एका बाईनं आरसा चिकटवला, बोटानं दाबून धरला आणि त्यात आपला दुखरा दात बघून घेतला. माझ्या आरशात पडलेला पहिला चेहरा तो. त्यामुळे चेहरे नटूनथटूनच समोर येतात असा माझा कधीच समज नव्हता.

दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस पडून होते. मग एक बाई आल्या. त्यांनी मला उघडून बघितलं, मिटून बघितलं, बिजागरी कानाशी धरून ऐकली आणि दुकानदाराला म्हणाल्या, कुरकुरतेय, दुसरी दाखवा. दुसरी नव्हती. म्हणून मला घेतलं. कुणी भेट दिली, कुणी हौसेनं आणली, असलं काही माझ्या नशिबी नाही. त्यांनी मला स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या लॉन्ड्रीच्या पहिल्या दिवशी विकत घेतलं. याचा मला अजून तोरा आहे.

त्या बाईंना पुढे सून आली, म्हणून मी त्यांना सासूबाईच म्हणते. त्या जेमतेम चार इयत्ता शिकलेल्या. गिऱ्हाईकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कॉलर बघितली की माणूस ओळखत. कपडे घेताना त्यांचा एकच नियम होता, डाग दाखवून द्यायचा. कुणी लाजून डाग घडीत लपवून कपडा दिला की त्या सगळ्यांसमोर घडी उलगडत आणि सांगत, "लपवलेला डाग इस्त्रीखाली पक्का बसतो. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." भले भले साहेब मान खाली घालून डाग दाखवत.

मग मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. हसरी, कामाला वाघ. वाफेच्या इस्त्रीपाशी तासभर उभी राहिली की तिचे गाल आणि नाक लालबुंद होत. एकदा सासूबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, लाव थोडी, नाहीतर गिऱ्हाईकांना वाटेल मी तुला मारते. सून खळखळून हसली. तिला ते बोलणं लागलं की गोड वाटलं, मला तेव्हा कळलं नाही. मी नव्या हातात गेले, एवढाच मला आनंद.

सुरुवातीला लाली यायची आणि जायची. पुढे ती यायची आणि राहायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल धाग्यांसारख्या बारीक शिरा दिसू लागल्या. गालांवर पुटकुळ्या उठत. गरम चहा घेतला तरी चेहरा भाजल्यासारखा होई. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे. तिच्या ओढणीवर रोज पाण्याचे ठिपके पडत, ते रडण्याचे नसत. रस्त्यात एका माणसानं दुसऱ्याला हळूच सांगितलं, ही पीत असणार. ते तिनं ऐकलं. मी तिच्या पर्समध्ये होते, मीही ऐकलं.

त्या दिवसापासून ती घरात सगळ्यांच्या आधी उठू लागली. दार लावून तोंड धुवायची, मला उघडायची, क्षणभर नुसती बघत बसायची आणि मग पफ फिरवायची. पावडरीनं कातडी आणखी कोरडी होऊन आग व्हायची, तरी फिरवायची. दार उघडून बाहेर येई तेव्हा ती सगळ्यांना माहीत असलेली सून असे. मित्रांनो, तिचा खरा चेहरा त्या घरात एकट्या मला माहीत होता. आणि माझं काम काय, तर तो झाकायचा. मला वाटायचं, मी तिला सांभाळतेय. केवढी मी शहाणी.

शेवटी डोळे इतके लाल झाले की नवऱ्यानं तिला बळेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि तिला आधी तोंड धुवायला लावलं. मग दिवा जवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या की हा रोझेशिया आहे, चेहऱ्याच्या कातडीचा आजार. दारूमुळे नाही, अस्वच्छतेमुळे नाही, आणि तुमच्या चुकीमुळे तर नाहीच. हे शेवटचं ऐकून सुनेनं माझ्यावरची पर्सची चेन उगाच दोनदा उघडझाक केली. मलम झालं, गोळ्या झाल्या, डोळ्यांचे थेंब झाले. पुटकुळ्या बसल्या, लाली, शिरा आणि आग तशीच राहिली. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता प्रकाशाचा उपचार करू. त्या झोतानं फुगलेल्या शिरा आवळतात. एकदाच नाही, काही महिन्यांच्या अंतरानं बऱ्याच वेळा घ्यावा लागेल.

खर्च ऐकून नवरा म्हणाला की विमा आहे ना आपला. विमा होता. पण कंपनीनं आधी कागद मागितले. आजवरची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्रास दिसेल असे घरचे ताजे फोटो. नवरा मोबाईल घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. सून म्हणाली, थांबा, आलेच. आत गेली, आणि तिनं मला उघडलं.

मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते. मला फक्त झाकण आहे.

फोटो छान आले. नवऱ्याला काही वावगं वाटलं नाही, कारण त्यानं कित्येक वर्षं बायकोला असंच बघितलेलं. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. नवऱ्यानं ते जेवणाच्या टेबलाशी मोठ्यानं वाचलं. फोटोंमध्ये आजाराची ठळक लक्षणं दिसत नाहीत. हा उपचार सौंदर्यासाठी असल्यानं खर्च मंजूर करता येत नाही.

"सौंदर्यासाठी?" सासूबाई म्हणाल्या. "तसं असतं तर आधी माझा नंबर लागला असता."

कुणी हसलं नाही. सून भांडी उचलायला लागली. जाऊ दे, म्हणाली, नाही केलं तर काय मरणार आहे का मी. आता इस्त्रीवर दुसरी बाई ठेवू, मी मागं बसून बटणं लावीन, कुणाला तोंड दाखवायची गरजच नाही. हे ती इतक्या सहज बोलली की मला धस्स झालं. दुकानात गिऱ्हाईकांशी हसतखेळत बोलणारी ती बाई स्वतःची घडी घालून कपाटात ठेवायला निघाली होती.

सासूबाईंनी फोटो मागून घेतले. चष्मा लावून बघितले. मग फळीवर मी होते, माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे. त्या उठल्या, मोरीतून फडकं ओलं करून पिळून आणलं आणि सुनेची हनुवटी धरली. सून मान वळवू लागली.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

त्यांचे हात इस्त्रीनं राठ झालेले. पण रेशमी कपड्यावरचा डाग टिपावा तसं त्यांनी तिचं तोंड टिपलं. न घासता, न ओढता. पावडर निघत गेली आणि खालचा चेहरा वर आला. नवरा पत्र हातात धरून बघतच राहिला. सासूबाईंचं फडकं मध्येच थांबलं.

"कधीपासून आहे हे?"

"बरीच वर्षं झाली, आई."

"गिऱ्हाईकानं डाग घडीत लपवला की मी त्याला काय सांगते?"

सुनेनं डोळे मिटून घेतले.

"मग घरातच हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही." त्यांनी फडक्याची कोरडी बाजू शोधली. "ही डबी मीच दिली होती तुला."

मित्रांनो, सासूबाईंनी जन्मात कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. त्या रात्री त्यांच्या तोंडून माफीच्या जवळ जाणारं जे काही निघालं, ते एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून फोटो दुकानात काढले. इस्त्रीपाशी दोन तास उभं राहिल्यावर, उन्हातून आल्यावर, चहानंतर. डोळ्यांचेही काढले. डॉक्टरीणबाईंनी नव्यानं सविस्तर चिठ्ठी लिहिली. फेरविचाराचा अर्ज सासूबाई पोस्टानं पाठवू देईनात. म्हणाल्या, डाग आपण हातानं दाखवायचा.

सून त्या दिवशी नुसत्या धुतलेल्या चेहऱ्यानं निघाली. भर रस्त्यातून. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, अगबाई, चेहऱ्याला काय झालं? सुनेच्या आधी सासूबाई म्हणाल्या, आजार आहे, उपचार चाललाय, आणि तुमची साडी शनिवारी मिळेल. कंपनीच्या पायऱ्यांवर मात्र सुनेचा धीर सुटला. तिनं पर्समधून मला काढलं आणि उघडलं. आरशात तिचे लाल गाल, आणि मागे सासूबाईंचा चेहरा. दोघी एकाच वेळी माझ्यात मावल्या, हे पहिल्यांदाच घडलं. सासूबाईंनी हात पुढे केला. सुनेनं मला मिटून त्यांच्या हातात दिलं.

खिडकीवरच्या बाईंनी फोटो बघितले, मग मान वर करून सुनेकडे बघितलं, आणि आपली खुर्ची जवळ ओढली. दुखतं का हो, त्यांनी विचारलं. सून म्हणाली, हो. एवढा एक शब्द बोलायला तिला किती वर्षं लागली, ते मला माहीत आहे. पुढे कंपनीनं आपल्या डॉक्टरांकडून तिची तपासणी करवली, आणि उपचार आजारासाठीच आहे असं मान्य करणारं पत्र पाठवलं. सगळ्या वेळा नाही, निम्म्याहून थोड्या जास्त मंजूर झाल्या. सासूबाई म्हणाल्या, उरलेल्यांसाठी पुन्हा जाऊ, खिडकी कुठं पळून जात नाही.

प्रकाश द्यायच्या खोलीत तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा बांधत. रबर चटकन लागावं तसा चटका बसतो, असं ती घरी येऊन सांगे. लाली पूर्ण गेली नाही. जाईल असं कुणी म्हणालंही नव्हतं. पण आग शमली, आणि ती पुन्हा दुकानात पुढं उभी राहते.

माझ्यात आता पावडर नाही. पफ उंदरानं नेला. माझ्यात गिऱ्हाईकांच्या शर्टांची सुटलेली बटणं असतात. मला आधी वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. आता तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सगळ्यांच्या आधी उठून, दार लावून तयार होत असेल, तर एखाद्या दिवशी तुम्हीही लवकर उठा. प्रश्न विचारायची घाई करू नका, नुसते जवळ बसा. आणि माझी बिजागरी सैल झाली आहे, तेव्हा मला उघडाल ते जरा जपून.

सून रोज सकाळी बटण शोधायला मला उघडते. झाकणात तिचा चेहरा दिसतो, नाकाशी थोडा गुलाबी, धुतलेला. ती बटण उचलते, आणि जाता जाता स्वतःकडे बघून घेते. मी कुरकुरत मिटते.