मी मेले नव्हते, आवळले होते

मी स्नायूपेशी बोलतेय. दंडात मिरवणारी नव्हे. धमनीच्या भिंतीत बसून रक्ताची वाट अरुंद-रुंद करणारी. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला कमी लेखू नका.

जन्मापासून माझा एकच हेका: पोटॅशियम घरात, सोडियम दाराबाहेर. मेलं सोडियम फटीफटीतून घुसतं, मी पंप चालवून हाकलते. कॅल्शियमला तर कणभरच थारा. ते लोंढ्याने आत आलं की मी आवळते, बाहेर काढलं की सैलावते. या जोरावर माझी मालकीण, टपाल वाटणारी बाई, चाळीस वर्षं लोकांचे जिने चढली.

तिच्या पोटाच्या ऑपरेशनमध्ये धमनीचा तुकडा निघाला. संशोधनासाठी सही करताना ती म्हणाली, "घ्या, पण वाया घालवलात तर बघा!"

त्या तुकड्याच्या कड्या कापल्या. मी उरलेल्या शेवटच्या कडीत आहे. दोन बारीक तारांवर ताणून आम्हाला कोमट खाऱ्या द्रावणात सोडलंय. नवं औषध धमनी सैल करतं का, हे आता आमच्यावरच ठरायचं.

आज द्रावण नव्या संशोधक मुलीने बनवलं. ते ओतताच मी हादरले. बाहेरही पोटॅशियमच पोटॅशियम! आत-बाहेरचा फरक बुडाला, कॅल्शियमची दारं सताड उघडली, आणि मी आवळले ती आवळलेच. तारेवरची ओढ दाखवणारी पडद्यावरची रेघ चढली, उतरेना.

"मेली वाटतं ही कडी. टाकून देते," मुलगी म्हणाली.

"मेली असती तर तार एवढी ओढली असती का गं?" मावशी कडाडल्या. या रोज द्रावणं बनवणाऱ्या. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं बघून बघून शिकलेल्या. "डबे कुणी पुसले?"

"मीच. झाकणं काढून..."

"चिठ्ठी डब्याला लाव, झाकणाला नको, घसा फोडून सांगते मी! हा डब्याला बांधलेला माझा लाल दोरा बघ, पोटॅशियमची खूण. डबा पोटॅशियमचा, झाकण सोडियमचं!"

"मावशी, आता हो?"

"आता डोळे पूस आणि नवं द्रावण कर. मी उभी आहे इथे."

नवं द्रावण आलं. मी कंबर कसली. कॅल्शियम, चल बाहेर! सोडियम, तूही! पोटॅशियम, तू बस घरात. दमछाक झाली, पण रेघ उतरत उतरत जागेवर आली.

"बघ," मावशी हळूच म्हणाल्या.

माझ्यात अजून तास-दोन तासांचं बळ आहे. पुन्हा आवळायला लावा, मग ते औषध घाला, म्हणजे सैलावते का ते कळेल. मला जपत बसू नका. खरं उत्तर देईन. टपालवालीची आहे मी, पोचवल्याशिवाय बसायची नाही.