डिलियाचं जळण

विमानावर पहारा देणाऱ्या शिपायाने बंदूक आडवी धरली आणि डिलियाला तिच्याच जमिनीच्या तुकड्यावर जाऊ दिलं नाही. अख्खा महासागर ओलांडून आलेलं पहिलंवहिलं विमान दलदलीला हिरवं कुरण समजून उतरलं आणि नाक खुपसून बसलं, ते नेमकं तिच्या जळणावर. दलदलीतली माती वाळली की लाकडासारखी जळते; ती एकटीने कापून तिने ढेपा वाळत घातल्या होत्या. आता वारा लागावा म्हणून त्या उभ्या करायचे दिवस, आणि विमान बघायला आलेले हे मेले लोक त्या तुडवत होते. त्यांना गाडीत भरभरून आणत होता तिचा सख्खा दीर, फेस्टी.

"फेस्टी, माझं वर्षाचं सरपण आहे ते. तुझी गाडी त्यावरून जातेय."

"वहिनी, माणसं समुद्रावरून उडत आली, अन् तू अजून ढेपाच मोजतेयस. जा, भरपाई माग त्या विमानवाल्या इंग्रजांकडं."

लोक खो खो हसले. शिपायाची पाठ वळताच फेस्टीने विमानाच्या पंख्याचं तुटकं लाकडी पातं लांबवलं.

पुढे विमान हलवलं, पण पाऊस लागला तो लागलाच. ढेपांचा चिखल झाला. फेस्टीच्या बायकोने टोपलीभर सुक्या ढेपा आणल्या, त्या डिलियाने दारातूनच परत पाठवल्या. तिच्या चुलीतला विस्तव सासूच्या सासूपासून विझला नव्हता. रात्री निखारे राखेत पुरायचे, सकाळी फुंकायचे. नवरा समुद्रात बुडाला त्या दिवशीही तिने तो राखला होता. फेस्टीने वेगळं घर केलं तेव्हा त्याने पहिला निखारा नेला तोही इथूनच.

जानेवारीत गेल्या वर्षीची उरलेली शेवटची ढेप संपली. डिलिया तडक फेस्टीच्या घरात शिरली. तो पाहुण्यांना विमानाची गोष्ट रंगवून सांगत होता. चुलीच्या वर भिंतीला टांगलेलं पातं तिने उतरवून बगलेत मारलं.

फेस्टी आडवा आला. "ठेव ते वहिनी. इतिहास आहे तो."

"माझ्या जळणावर पडला होता. जळणच आहे."

तिच्या डोळ्यांत बघून तो बाजूला झाला. हवा तर निखारा घेऊन जा, असं तो मागून पुटपुटला, पण ती थांबली नाही.

घरी तिने पातं कुऱ्हाडीने फोडलं. ते भराभरा जळलं, घरभर रोगणाचा वास सुटला. सकाळी राख उकरली, तर तळाशी एकही निखारा नव्हता. मग तिने राख भरून बाहेर टाकली. सासूच्या सासूनंतर त्या चुलीचा दगड पहिल्यांदाच उघडा पडला होता. तिने तो ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढला.