साठ फुटांचा चढ

जमीन सपाट करायला आलेल्या माणसानं आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, तर समोरच्यानं काय समजावं? हिंदुराव जेसीबीवाल्यानं पप्पांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे माझे वडील. पस्तीस वर्षं महापालिकेत रोड रोलर चालवलाय त्यांनी. आता तुमचं काही खरं नाही."

धायरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचा चार गुंठ्यांचा प्लॉट आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ संजय, दोघांनी मिळून घेतलेला. कोथरूडला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीला लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्यात आईचे पाय गेले. तेव्हापासून तिला खाली न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि दोघांनी उचलायचं. दवाखान्यापुरतं ती हे सोसते. विहारात जाणं, लग्नकार्यं, भाजी आणणं, सगळं तिनं सोडून दिलं. आग्रह केला की म्हणते, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे, उचलून चढवायला?" आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

त्यामुळे नव्या घराबद्दल तिची एकच अट होती. फरशी कसली, किचन केवढं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "गेटापासून दारापर्यंत मी माझ्या हातांनी चाकांची खुर्ची ढकलत जाणार. कुणी मला हात लावायचा नाही. जमत नसेल तर तुम्ही जा राहायला, मी कोथरूडलाच बरी." आई एकदा नाही म्हणाली की विषय संपला. पप्पांना हे आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा आहे.

अडचण जमिनीची होती. घराची जागा रस्त्यापेक्षा चार फूट उंच आणि मध्ये अंतर जेमतेम तीस फूट. हिंदुराव म्हणाला, "सरळ चढ काढतो की ताई. गाडी फर्स्ट गियरला आरामात वर जाती. एका दिवसाचं काम हाय."

"गाडी जाईल," पप्पा म्हणाले, "चंद्रभागेची खुर्ची जाणार नाही."

त्यांनी फक्कीची पिशवी उघडली आणि त्या पांढऱ्या भुकटीनं जमिनीवर रेघ ओढायला घेतली. गेटापासून डाव्या कुंपणाच्या कडेनं मागच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून वळून घराच्या दाराच्या जागेपर्यंत. साठ फूट. एक फूट चढायला पंधरा फूट अंतर कापायचं, असं त्यांचं गणित. मी लॅपटॉपवर केलेला नकाशा दाखवायला गेले तर म्हणाले, "झाक तो, ऊन लागेल त्याला." त्या रेघेनं माझा बागेचा कोपरा पार खाऊन टाकला होता. मी भडकले. दोन महिने मी त्या कोपऱ्याची स्वप्नं पाहिली होती, तिथे पेरूचं झाडसुद्धा लावून झालं होतं मनात.

"पेरू विकत मिळतो," पप्पा म्हणाले.

मी दिवसभर त्यांना चहा विचारला नाही.

काम सहा दिवस चाललं. हिंदुरावला सगळा मुरूम एकदम ओतून वरून बकेटनं दाबून मोकळं व्हायचं होतं. पप्पा ऐकेनात. वीतभर जाडीचा थर पसरायचा, पाणी मारायचं, भाड्यानं आणलेला छोटा रोलर फिरवायचा, मगच पुढचा थर. रोलर अर्थातच ते स्वतः चालवणार. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्या सीटवर बसलेले पप्पा इतके खूश दिसत होते की माझा राग तिथेच निम्मा उतरला. प्रत्येक थर झाला की ते अनवाणी चालत जायचे आणि टाच जराही रुतली की तेवढा भाग परत दाबायचे.

"काका, एवढ्या हळवारपणानं तर कुणी घरातबी फरशी बसवत न्हाई," हिंदुराव म्हणाला.

"घरात तिला धरायला आम्ही आहोत. इथं ती एकटी असणार आहे."

चौथ्या दिवशी मी पाहिलं, तर हिंदुरावचेही बूट जेसीबीच्या पायरीवर काढून ठेवलेले होते.

काँक्रीट घालायच्या आधी आईनं एकदा चढून बघावं, असं पप्पांनी ठरवलं. रविवारी सकाळी मी आणि संजयनं तिला तीन मजले उतरवलं. ती वाटभर तोंड पाडून बसली होती. प्लॉटवर व्हीलचेअरमध्ये बसवल्यावर तिनं पदर खोचला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.

पप्पा तिच्या पुढे उलटे चालत होते. "एका दमात जाशील बघ. कुठंही थांबावं लागायचं नाही. मी केलेल्या रस्त्यावर कुणाला मध्येच थांबावं लागलेलं नाही."

आई निघाली. खुर्चीची चाकं मुरमावर सुरेख चालत होती. दहा फूट, वीस फूट, तीस फूट. संजय मोबाइलवर शूटिंग करत होता. हिंदुरावनं जेसीबी बंद केला होता. कोपऱ्यावरचं वळणही तिनं छान घेतलं आणि वळल्यावर खुर्ची थांबवून खटकन ब्रेक लावला.

"दम लागला?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"हात भरून आले?"

"नाही हो."

पप्पा खाली बसले आणि तळव्यानं जमीन चाचपायला लागले. "वळणावर चढ जास्त झालाय. मला कळायला हवं होतं. हिंदुराव, हे सगळं उकरायचं." हिंदुरावनं कपाळाला हात लावला. पप्पा जमिनीवरचा हात न काढता म्हणाले, "मी सत्तर फूट करतो. ऐंशी करतो, पूर्ण प्लॉटला वळसा घालतो. तू फक्त नाही म्हणू नकोस, चंद्रभागा."

"अहो, चढ चांगला आहे तुमचा," आई म्हणाली. "मला थांबायचं होतं म्हणून थांबले."

आम्हाला काही कळेना. आईनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"दोन वर्षं तुम्ही मला उचलून नेताय. दुसऱ्या मजल्यावर कौशल्याताई दारात उभ्या असतात. कशा आहात, म्हणून विचारतात. मी बरी आहे म्हणेपर्यंत तुम्ही मला पहिल्या मजल्यावर नेलेलं असतं. तुमचे हात दुखत असतात, दिसतं मला. मग जरा थांबा, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

मला एकदम रडू आलं. उचलणाऱ्या दोघांत बहुतेक वेळा मी असते. जिन्यात मी पायऱ्या मोजत असते, आईच्या चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिलेलं नाही. संजयनं मोबाइल खिशात टाकला.

"ती पलीकडच्या अंगणातली बाई," आईनं कुंपणाकडे हात केला, "मघापासून कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघतेय. तिच्याशी दोन शब्द बोलते, मग पुढे जाते. तुमची काही हरकत?"

कुणाचीच नव्हती. आई दोन शब्द म्हणाली होती, पण ती वीस मिनिटं बोलली. मग ब्रेक काढून, कुणाचाही हात न लागता, उरलेला चढ चढून वर गेली. दार अजून नव्हतं, त्याच्या जागी फक्त दोन विटा ठेवलेल्या होत्या. त्या दोन विटांच्या मधून ती आत गेली.

पप्पा मात्र वळणापाशीच थांबले होते. कुंपणाला लागून त्यांनी फक्कीनं एक मोठा चौकोन आखला आणि एवढी जागा अगदी सपाट करायची, म्हणून हिंदुरावला सांगितलं.

हिंदुरावनं चौकोन पाहिला. "काका, लई मोठा झाला ओ. एका खुर्चीला याच्या निम्मा पुरं हाय."

"ती एकदा बोलायला बसली की तासभर उठत नाही," पप्पा म्हणाले. "मी काय उभा राहू?"