पान लागलं

नम्रताच्या नावामागे डॉक्टर लागलं त्याला जेमतेम चार महिने झाले होते, आणि ते ऐकायला तिला अजून गोड वाटायचं. राजापूरच्या वाटेवरच्या एका उघड्याबोडक्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी जांभ्या दगडात कोरलेल्या चित्रांचं तिचं संशोधन चाललं होतं. चित्रांच्या खाचेतल्या मातीवर शेवटचं ऊन कधी पडलं हे सांगणारी यंत्रं आता निघाली आहेत. नम्रता ती माती डब्यांत भरून प्रयोगशाळेला पाठवायची. वाडीतली माणसं तिला डाक्तरीणबाई म्हणायची, आणि तिनंही कधी कुणाला थांबवलं नाही.

खाचा झाडायला केरूमामा यायचे. साठीचा काटक माणूस, बोलणं मोजकंच. त्या दिवशी अकराच्या सुमारास ते वाळका पाला बाजूला करत होते, तेवढ्यात हात झटकत उठले.

"बाय, पान लागलंय," ते म्हणाले.

नम्रतानं हात पाहिला. मातीनं बरबटलेला, बोटांपाशी जरा सुजलेला. पान लागलं म्हणजे कसल्यातरी झाडाचं पान घासलं, यात विचारायचं काय? काजूचा चीक लागून उठलेल्या गांधी तिनं लहानपणी पाहिल्या होत्या. याच जिल्ह्यातल्या मांडवीत वाढलेली पोरगी, तिला इथली भाषा कोण शिकवणार! तिनं पिशवीतून ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तिथंच दिली, बाकीची पट्टी मामांच्या खिशात घातली.

"ह्येनं उतरंल ना?" मामांनी विचारलं.

"उतरेल की. उद्यापर्यंत उतरेल. घरी जाऊन पडा आता."

मामांनी तिला दोन्ही हात जोडले आणि चालत घरी गेले. एका गोळीसाठी एवढा नमस्कार, म्हणून तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले नाहीत. संध्याकाळी घरी चहा घेताना तिनं ते वडिलांना सहज सांगितलं. दत्तात्रेय निवृत्त मास्तर, हयात खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेलेली.

"पान लागलं एवढंसं, आणि मामा घरी बसलेत," ती म्हणाली.

बाबांचा कप बशीत आपटला. "पान लागलं असं कोण म्हणालं?"

"ते स्वतःच."

"अगं, साप चावलाय त्यांना! जनावराचं नाव घेत नाहीत, म्हणून पान लागलं म्हणतात. तू काय केलंस?"

तिनं मामांच्या शेजाऱ्याला फोन लावला. सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मामांना दवाखान्यात नेलं होतं. फुरसं होतं. फार उशीर झाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मामा दुपारीच गेले होते.

बारावं झाल्यावर ती त्यांच्या घरी गेली. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाली होती. पण मामांची बायको तुळसा तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "तुमी तरी काय करनार? औषद दिलात. दवाखान्यात चला म्हनून मी किती बोलले. पन ह्ये म्हनाले, डाक्तरीन सोता बसलेय तिथं, तिनं गोळी दिलीय, उतरंल."

नम्रताला रडू फुटलं. तुळसानंच तिची समजूत काढली. वाडीत कुणाचा तिच्यावर राग नव्हता, कुणाला शंकाही नव्हती. गप्प राहिलं तर हे इथंच मिटेल, असं तिच्या मनात आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ती निघायला उठली.

तुळसानं देवाजवळचा पत्र्याचा डबा उघडला. आत तीच पट्टी होती.

"आठ ऱ्हायल्यात बगा. परत कुनाला पान लागलं तर असूदेत. सुनेलापन दावून ठेवलंय."

नम्रता पुन्हा बसली.

"टाकून द्या त्या, मामी. सापावरच्या नाहीत त्या. मला वाटलं, झाडाचं पान लागलं. मी तसली डॉक्टर नाही."

"मंग कसली?"

नम्रता अडखळत सांगू लागली. दगडावरची चित्रं, जुन्या काळची माणसं, ती काय खायची, कशी जगायची. तुळसानं सगळं ऐकून घेतलं. मग पट्टी तिच्या हातात ठेवली.

"ह्ये तवाच सांगायचं, बाय," ती म्हणाली. "तवा ते चालत होते."