श्रावस्तीची हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे. लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एवढाच माझा देह. पण एके काळी माझा आवाज शिवेपर्यंत जायचा. त्याचा मला गर्व होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

मला घडवलं पिराजी आजोबांच्या वडिलांनी. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात वरात असो की मयत, पुढं मी आणि मागं सगळं गाव. लोक माझ्या तालावर बेभान नाचत. मला वाजवणाऱ्याला मात्र त्यांच्या ओट्यावर पाय ठेवता येत नसे. त्याच्या पदरात भाकरी वरून टाकली जायची. माझं कौतुक आणि माझ्या धन्याचा अपमान, दोन्ही एकाच दारात व्हायचे. पुढं हे कुटुंब बौद्ध झालं, तसं दारोदार वाजवणं सोडून धन्यानं मला खुंटीला टांगलं. शेजारच्या हलग्या चुलीत गेल्या, पण मला जाळायला त्याचा हात धजला नाही. माझ्या कड्यावर त्याच्या अंगठ्यानं पडलेला खळगा आहे. पिराजी आजोबा अधूनमधून तो फडक्यानं पुसतात.

कित्येक वर्षं मी मुकी होते. मग आजोबांची नात श्रावस्ती मोठी होऊ लागली. या पोरीच्या बोटांना चैन म्हणून नव्हतं. शाळेतून आली की पिठाच्या डब्याचं झाकण घेऊन बसायची. ठेका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिची आई सुमनबाई कावायची आणि कावता कावता तिच्या सोललेल्या बोटांना चिंधीही बांधायची. वर्गात ज्या मुलांना पाढे जमत नव्हते, त्यांना श्रावस्तीनं बाकावर ताल धरून पाढे शिकवले. त्यांना हसणाऱ्यांशी ती भांडली. हे सगळं ती घरी येऊन आजोबांना सांगायची आणि मी खुंटीवरून ऐकायची.

तिचे अमरसिंह गुरुजी भले गृहस्थ. शाळेत ‘आपला वारसा’ नावाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा ते आमच्या घरी आले. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. श्रावस्तीनं हलगी वाजवावी, असं ते म्हणाले. आजोबांनी माझ्या कड्यावरच्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग नातीकडं वळून म्हणाले, “शाळंत वाजीव. शाळा सगळ्यांची हाय. पर कुणाच्या दारात न्हाय.”

आजोबांनी स्वतः बाजारात नेऊन मला नवं कातडं चढवलं. कार्यक्रमाच्या दिवशी काडीकचरा पेटवून त्यांनी मला शेकलं, कारण शेकल्याशिवाय माझा आवाज मोकळा होत नाही. आणि मित्रांनो, त्या पोरीनं मला काय वाजवलं! आजवर मी दुसऱ्यांच्या आनंदासाठी वाजले होते. त्या दिवशी वाजवणारीच आनंदात होती. मला रडूच आलं असतं.

टाळ्या थांबल्या तसे गुरुजी माईकवर आले. मोठ्या कौतुकानं म्हणाले, “बघा, ही रक्तातली कला. हिला शिकावी लागली नाही.”

पुन्हा टाळ्या पडल्या. श्रावस्तीचे हात माझ्यावरून खाली आले. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे बागायतदार कृष्णराज उठले आणि आजोबांजवळ येऊन हसत म्हणाले, “पिराजीबाबा, नात लई गुणाची हाय. आमच्या पोराच्या वरातीला लावून द्या. तुमचंच काम हाय ते.”

आजोबांनी मला काखेत घेतलं, नातीचा हात धरला आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. आपलं चुकलं, असं त्यांनी आजोबांना आणि श्रावस्तीलाही सांगितलं. आमच्या घरचं पाणी प्यायले आणि मान खाली घालून गेले. त्यानंतर आजोबांनी मला अंगणात शेकलं आणि नातीपुढं धरलं. “आता घरात वाजीव, बाळ. म्या ऐकतो.”

तिनं मला हातात घेतलं नाही. “आबा, म्या रोज शिकत होते,” ती म्हणाली. “ते कुणालाच दिसलं न्हाय.”

आजोबांनी मला पुन्हा खुंटीला लावलं. आता पिठाच्या डब्याचं झाकणही वाजत नाही. वर्गात बाकावरचा ताल बंद झाला आहे, हे सुमनबाई शेजारणीला सांगत होती, तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, वारसा जपा, जरूर जपा. पण तो कुणाच्या गळ्यात बांधू नका. तुमच्या वर्गात एखादं लेकरू काही छान करून दाखवेल, तेव्हा त्याच्या घराण्याकडं पाहू नका. त्याच्या बोटांकडं पाहा. त्यानं किती कष्ट केले ते त्यालाच विचारा.

मी वाट पाहतेच आहे. आजोबा रोज माझ्यावरची धूळ झटकतात आणि श्रावस्ती अभ्यासाला बसते, तिकडं बघत राहतात. माझं कातडं अजून नवंच आहे.