मॉर्वेनाचा हंडा आणि लांबटांगे खेकडे

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. पोटाला पोचे, एक कान तुटून पुन्हा जोडलेला, आणि बुडाला अशी काजळी की घासणाऱ्याचे हात दुखतील पण ती हलणार नाही. मी काही शहाणासुरता नाही. जन्मभर पोटात पाणी उकळत राहिलं, त्यामुळे शांतपणे विचार करायची सवयच लागली नाही. तरी माझी गोष्ट सांगतो. ऐकून तुम्हाला काही उलगडलं तर मला कळवा, कारण मला अजून उलगडलेलं नाही.

माझा जन्म कॉर्नवॉलमधल्या पोर्थकेरिन बंदरातला. तिथे एक तांबट होता, कमी बोलणारा आणि जास्त ठोकणारा. त्याने मला घडवलं, आतून चांदीसारखी कल्हई केली आणि मॉर्वेना नावाच्या नव्या नवरीच्या हवाली केलं. नवरा खेकडे पकडायचा, ती माझ्यात उकडायची. पाण्यात किती मीठ घालायचं याचं तिचं माप एकच, अंडं टाकायचं आणि ते तरंगलं की पुरे. मग तांबडे, जाडजूड खेकडे आत जायचे. उकडून निघाले की ती त्यांचं पांढरं मांस सोडवायची आणि पुन्हा कवचातच रचून उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना विकायची. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, काय झळाळी आहे या हंड्याला! मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मॉर्वेनाला दोन मुलं. थोरला डेन्झिल आणि धाकटी टॅम्सिन. दोघं माझ्या उबेला बसून भांडायची. भांड्याला भांडं लागायचंच, त्यात काय मोठंसं.

एक गोष्ट मात्र त्या काळात माझ्यात कधीच शिजली नाही, ती म्हणजे लांबटांगे. हाही खेकडाच, पण पाठीवर काटे, पाय भिंतीवरच्या कोळ्यासारखे लांब, आणि जाळ्यात शिरला की जाळ्याची वाट लावणारा. पोर्थकेरिनमध्ये त्याला कुणी खात नसे. तो वर आला की दगडावर आपटायचा किंवा पुन्हा पाण्यात भिरकावायचा. मॉर्वेना म्हणायची, असलं ध्यान माझ्या हंड्यात घालाल तर घराबाहेर काढीन.

मग आमचा देश युरोपातल्या देशांच्या व्यापारी संघात सामील झाला. हे मला कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते एका लॉरीवरून. स्पेनहून आलेल्या त्या लॉरीवर समुद्राच्या पाण्याच्या टाक्या होत्या, आणि तिच्या ड्रायव्हरला खेकडे जिवंत हवे होते. त्यातही कोणते? लांबटांगे! सगळं बंदर पोट धरून हसलं. पण त्याने जो भाव दिला तो ऐकून हसणं थांबलं. तिकडे म्हणे सणाच्या जेवणात लांबटांग्याशिवाय पान हलत नाही.

जिवंत खेकडा न्यायचा म्हटल्यावर उकडणारा हंडा कशाला हवा? मला विझलेल्या चुलीवरून उचललं आणि दाराबाहेर ठेवलं. आधी माझ्यात जिरेनियमची रोपं लावली, ती मेल्यावर जुने दोर कोंबले. पावसाने कल्हई गेली, अंगावर हिरवट थर चढला. मी मनातल्या मनात त्या संघाला शिव्या घातल्या. पण त्याच संघाच्या बाजारातून घराला नवं छप्पर आलं, डेन्झिलला स्वतःची बोट घेता आली, आणि तिच्यावर त्याने आईचं नाव रंगवलं. मॉर्वेनाने म्हातारपणी ते नाव हाताने चाचपून पाहिलं आणि ती रडली. आता सांगा, मी शिव्या द्यायच्या तरी कोणत्या तोंडाने?

मॉर्वेना गेली. डेन्झिल बोट चालवू लागला आणि टॅम्सिन विक्री बघू लागली. लॉरीवरच्या म्हाताऱ्याच्या जागी त्याचा मुलगा अन्सेल्मो यायला लागला. टॅम्सिन दर खेपेला पेस्ट्या भाजायची, म्हणजे गोमांस, बटाटा आणि कांदा भरलेल्या मोठ्या करंज्या. आमच्याकडे पेस्टीच्या टोकाला खाणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरतात. अर्धी खाऊन बाकावर ठेवली तरी दुसरा कुणी उचलत नाही. डेन्झिलचा डी, तिचा स्वतःचा टी, आणि अन्सेल्मोचा ए. तिन्ही पेस्ट्या दाराशी, माझ्या काठावर ठेवलेल्या असायच्या. माझं तेवढंच काम उरलं होतं.

आणि मग ते मतदान आलं. संघात राहायचं की बाहेर पडायचं?

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी जे ऐकलं त्याने माझं तांब्याचं डोकंसुद्धा भणभणलं. एक म्हणे, बाहेर पडलो की भाव वाढतील. दुसरा म्हणे, भाव पडतील. दोघेही इतक्या ठामपणे बोलायचे, जणू भविष्य बघून परत आलेत. डेन्झिलचं म्हणणं, आपल्या समुद्रात फ्रेंच बोटी येतात आणि आपण किती मासे धरायचे हे ब्रसेल्सात, संघाच्या कचेरीत बसलेला कुणी ठरवतो, हा कुठला न्याय? ऐकून मला पटायचं. मग टॅम्सिन म्हणायची, धरशील रे, पण खाणारा तिकडे बसलाय त्याचं काय? मला तेही पटायचं. रात्रीपर्यंत माझ्यात दोन्ही मतं भरलेली असायची आणि एकही शिजलेलं नसायचं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दोघांची दारातच जुंपली.

"तू स्वतः कधी लांबटांग्या खाल्लायस?" टॅम्सिनने विचारलं.

"मी? मांजरालासुद्धा घालणार नाही."

"तू खात नाहीस, शेजारी खात नाही, अख्खा गाव खात नाही. मग उद्या स्पेनवाल्यांनी पाठ फिरवली तर तो विकणार कुणाला?"

"पाठ कशाला फिरवतील? जिभेला कुठली आलीये सरहद्द?"

"जिभेला नसते. लॉरीला असते."

डेन्झिलचा चेहरा लाल झाला. "माझे बाई, तुला त्या अन्सेल्मोची काळजी जास्त आहे. आईच्या बंदराची नाही."

हे बोलायला नको होतं. टॅम्सिन आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी डेन्झिल खिशात स्वतःचं पेन घेऊन मत द्यायला गेला, कारण तिथल्या पेन्सिलीची खूण कुणी खोडेल अशी गावात अफवा होती. टॅम्सिनने पेन्सिलीनेच खूण केली, ती अर्थातच दुसऱ्या चौकोनात. देशाने बाहेर पडायचं ठरवलं. आणि त्या आठवड्यात माझ्या काठावर डेन्झिलची पेस्टी आली ती कोरी. टोकावर डी नव्हता.

त्याने ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि गुपचूप खाल्ली. पण मी जवळून बघत होतो. कोरं टोक त्याने तसंच माझ्या काठावर ठेवलं.

त्यानंतर बरीच वर्षं नुसतीच बोलणी चालू होती. बाहेर पडलो म्हणायचे आणि आतच असायचे. लॉरी येत होती, डेन्झिलच्या पेस्ट्या कोऱ्याच होत्या. डेन्झिल म्हणायचा, बघ, काही बिघडलं का? टॅम्सिन म्हणायची, अजून दार बंद व्हायचंय. आणि एका जानेवारीत ते खरोखरच बंद झालं. म्हणजे अगदी बंद नाही, पण त्याला कड्या वाढल्या. खेकडे निरोगी असल्याचे डॉक्टरांचे दाखले, शिक्के, आणखी शिक्के. अन्सेल्मोची लॉरी पलीकडच्या बंदरात अडकून राहिली. पाण्यातली हवा संपली आणि खेकडे मेले. मेलेला खेकडा कुणाच्याच कामाचा नसतो. अन्सेल्मोच्या मालकाने कळवलं, घडी बसेपर्यंत पोर्थकेरिनला गाडी पाठवणार नाही.

बंदराच्या पाण्यात बुडवलेल्या पेट्यांमध्ये डेन्झिलचे लांबटांगे जिवंत ठेवलेले होते. घेणारा नाही, आणि सोडून द्यावेत तर बोटीचा हप्ता डोक्यावर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. लंडनकडच्या एका गृहस्थाने मॉर्वेना बोट विकत मागितली. त्याला तिच्यावर गाद्या टाकून पाहुण्यांना फिरवायचं होतं. ईस्टरपर्यंत उत्तर द्या, म्हणाला. डेन्झिल रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बोटीवरचं आईचं नाव बघत उभा राहायचा.

त्याच दिवसांत टॅम्सिनने माझ्यातले दोर ओढून काढले. मला वाटलं, आता मोडीत निघालो. पण तिने दूरच्या गावातला एक कल्हईवाला शोधला. आतून पुन्हा चांदीसारखा होऊन मी चुलीवर चढलो. अंडं टाकलं, अंडं तरंगलं. मित्रांनो, खाली जाळ लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कसा सांगू? आणि लगेच लाजही वाटली. कारण मी चुलीवर होतो तो बोट विकायला निघाली होती म्हणून.

डेन्झिल म्हणाला, बघ, आपला हंडा परत आला, मी हेच म्हणत होतो. टॅम्सिन म्हणाली, लॉरी आली नाही म्हणून हंडा आला, मी हेच म्हणत होते. दोघंही माझ्याकडेच बोट दाखवत होती. मी काय बोलणार? दोघांचंही खरं होतं.

तांबडे खेकडे खपले. लांबटांग्यांना मात्र कुणी हात लावेना. उकडलेले, सोललेले, पांढरंशुभ्र मांस, तरी गावकरी नाक मुरडून पुढे जायचे. असलं आम्ही खात नाही हो. डेन्झिल स्वतः तिथे उभा राहून विकत होता आणि स्वतः चाखत नव्हता. गिऱ्हाईक विचारायचं, कसा लागतो? तो म्हणायचा, ऐकलंय की बरा लागतो. अशाने कोण घेणार?

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी त्या लंडनवाल्याला फोन करायचा होता. डेन्झिल सकाळी दाराशी आला. मी चुलीवरून उतरून जुन्या जागी गार होत होतो, आणि माझ्या काठावर एक पेस्टी होती. त्याने ती उचलली आणि थबकला. टोकावर डी कोरलेला होता.

तो तिथेच पायरीवर बसला. अक्षराचं टोक शेवटी ठेवून दुसऱ्या बाजूने खायला लागला. अर्ध्यावर आल्यावर चावणं मंदावलं. आत बटाटा होता, कांदा होता, पण गोमांस नव्हतं. गोडसर, नाजूक काहीतरी होतं.

"हे काय घातलंयस?" त्याने आत हाक दिली.

टॅम्सिन दारात आली. "लांबटांग्या."

"पेस्टीत खेकडा? आई थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. तिलाही देईन. कसा लागतो ते सांग."

डेन्झिलने उरलेला तुकडा संपवला. कोरलेलं टोकही खाल्लं.  मग म्हणाला, "साठी आली माझी, टॅम्सिन. आणि हे आपण एके काळी दगडावर आपटत होतो."

"स्पेनवाल्यांना माहीत होतं."

"मत मी तेच देईन हं. आजही."

"माहीत आहे. मीही."

मग तो उठला आणि फोनवर त्या गृहस्थाला म्हणाला, उन्हाळा संपेपर्यंत थांबा, बोट अजून कामावर आहे. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी विचारलं, कसा लागतो, तेव्हा त्याने ऐकलंय म्हटलं नाही. मी खाल्लाय, म्हणाला. संध्याकाळी माझ्या तळाशी एकही लांबटांग्या उरला नव्हता.

बोट त्या उन्हाळ्यात राहिली. पुढच्या हिवाळ्यात राहील का, मला माहीत नाही. अन्सेल्मोची लॉरी पुन्हा येते, पण क्वचित, आणि कागदांचा गठ्ठा घेऊन. ती आली की माझं काम कमी होतं आणि घरातली माणसं हसतात. ती नाही आली की मी दिवसभर उकळतो आणि माणसं गप्प असतात. बाहेर पडलो ते बरं झालं की वाईट, हे विचारायला माझ्याकडे येऊ नका. मी अजून त्याच गोंधळात आहे.

फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरातलं जुनं भांडं दाराबाहेर टाकलंत तरी त्याची कल्हई जाऊ देऊ नका, कारण ते कधी लागेल हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि भांडायचं तर खुशाल भांडा, मत बदलू नका हवं तर. पण पेस्टीवर अक्षर कोरत जा. त्या कोऱ्या पेस्ट्या मी जवळून पाहिल्या आहेत.