तेविसावा गठ्ठा

शुक्रवारी सकाळी नऊपासून हेदरक्लफ गावाच्या क्रीडागृहात मतमोजणी चालू होती. टेकडीवरच्या टॉपमूर प्रभागाचं टेबल खिडकीजवळ होतं आणि थेल्मा सगडन दोरीच्या अलीकडे उभी राहून मोजणाऱ्यांच्या हातांकडे एकटक बघत होती. पाय दुखत होते, पण बसावंसं वाटत नव्हतं.

थेल्मा सदुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. राजकारणाशी तिचा संबंध आला तो बाजारचौकातल्या सार्वजनिक संडासामुळे. नगरपालिकेनं दोन वर्षांपूर्वी त्याला कुलूप ठोकलं आणि टेकडीवरच्या म्हाताऱ्या बायकांचं बाजारात उतरणंच बंद झालं. "बाजाराला जायचं म्हणजे सकाळपासून चहा प्यायची चोरी," असं त्या म्हणायच्या. बावीस वर्षं निवडून येणाऱ्या नगरसेवक ओपनशॉंकडे थेल्मा तीनदा गेली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मिसेस सगडन, तुम्हीच उभ्या राहा ना, मग कळेल." ती राहिली. कुठल्याच पक्षाची नाही, अपक्ष.

स्वयंपाकघरातली तिची जुनी जोडीदारीण नसरीन तिची प्रतिनिधी झाली. दोघींनी महिनाभर टेकडीवरचं एकेक दार ठोठावलं. ओपनशॉंची माणसं थेल्माला 'संडासवाली बाई' म्हणायला लागली, तेव्हा नसरीन म्हणाली, "म्हणू देत की. फुकटात नाव होतंय तुझं."

मोजणीची पद्धत साधी होती. पंचवीस मतपत्रिका झाल्या की त्या पालथ्या घालून रबर लावायचं आणि वर पट्टी खोचायची. ओपनशॉंची निळी, थेल्माची पिवळी. तीनशे पोरांना वाढताना किती ताटं गेली हे मनात धरायची थेल्माला सवयच जडली होती. इथंही आकडा आपोआप चालू झाला. आपल्या पंचवीस मतांना रबर लागलं की ती मनाशी एक धरायची. असे तेवीस गठ्ठे झाले आणि वर अठरा सुट्या मतपत्रिका उरल्या.

साडेअकराला निवडणूक निर्णय अधिकारी ड्रमंडसाहेबांनी दोन्ही उमेदवारांना बाजूला बोलावलं आणि जाहीर करण्याआधी आकडे दाखवले. ओपनशॉ सहाशे बारा, सगडन पाचशे अडुसष्ट.

थेल्मानं मनात हिशेब केला. पाचशे अडुसष्ट म्हणजे बावीस गठ्ठे आणि अठरा. तिनं नसरीनची बाही ओढली.

"नसरीन, माझे तेवीस झाले होते गं."

"नक्की?"

"नक्की. पण..."

"पण काय? जा, फेरमोजणी माग."

"अगं, चव्वेचाळीसचा फरक आहे. दोन-चार मतांचा असता तर गोष्ट वेगळी. लोक म्हणतील, म्हातारीला हार पचेना."

"म्हणू देत. महिनाभर काय कमी ऐकून घेतलंस? आणि आज गप्प बसलीस ना, तर जन्मभर मला छळशील, तेवीस होते गं, तेवीस होते गं करून. मला नाही सोसायचं ते."

थेल्मा ड्रमंडसाहेबांसमोर गेली.

"साहेब, मला फेरमोजणी हवी आहे."

"फरक मोठा आहे, मिसेस सगडन. काही कारण?"

"माझे तेवीस गठ्ठे बांधलेले मी पाहिलेत. तुमच्या आकड्यात बावीसच आहेत."

ओपनशॉंचा प्रतिनिधी ब्रायन मागून हसला. "नाचता येईना अंगण वाकडं! साहेब, या बाईंनी मनात मोजलं म्हणून आम्ही सगळ्यांनी जेवायचं थांबायचं का?"

"तुम्ही जेवा की," नसरीन म्हणाली. "मोजणीत तुमचा तसाही काही उपयोग दिसत नाही."

"मी चुकलेही असेन," थेल्मा म्हणाली. तिनं मान वर ठेवली. "चुकले असेन तर मी स्वतः सगळ्यांची माफी मागेन. पण एकदा बघा."

ड्रमंडसाहेबांनी आकड्यांचा कागद पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही नेमकं कारण सांगितलंय. प्रत्येक गठ्ठा सोडून आतल्या मतपत्रिका बघू."

टेबलावरचे मुख्य मोजणीदार लेनर्ड आधी ग्रंथालयात होते. केस पांढरे, बोटं मात्र चपळ. एकेक रबर काढून ते मतपत्रिका उलट्या करून सगळ्यांना दाखवत होते. पहिले पिवळे झाले, चूक नाही. मग निळे. पाच, दहा, पंधरा. ब्रायन घड्याळाकडे बघत होता. आता माफी कशी मागायची याची वाक्यं थेल्मा मनात जुळवू लागली.

सतरावा निळा गठ्ठा सोडला आणि लेनर्डचे हात थांबले. पहिल्या मतपत्रिकेवर फुली होती सगडनसमोर. दुसरीवरही. तिसरीवरही. पंचवीसच्या पंचवीस तिच्या. वरची पट्टी तेवढी निळी.

"ही माझी चूक," लेनर्ड हळूच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पट्टी मीच लावली होती."

नसरीननं थेल्माचा हात इतका दाबला की अंगठी रुतली. सगडन पाचशे त्र्याण्णव, ओपनशॉ पाचशे सत्त्याऐंशी.

ब्रायन ओरडायला लागला. ओपनशॉंनी त्याला हाताच्या खुणेनं गप्प केलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच.

"ड्रमंडसाहेब, आता माझी पाळी. सहाच मतांचा फरक आहे. मला पूर्ण फेरमोजणी हवी, एकेक मत."

सगळ्यांनी थेल्माकडे पाहिलं.

"मागायलाच हवी," ती म्हणाली. "मी मागितली, मग तुम्ही का नाही मागायची?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. ब्रायन फोन करायला बाहेर गेला तो परत आलाच नाही. ओपनशॉ दोरीपाशी एकटेच उभे राहिले. नसरीननं डबा उघडला, त्यात समोसे होते. थेल्मानं थर्मासमधला चहा ओतला आणि दुसरा कप त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. उभं राहून राहून जीव जातो."

त्यांनी कप घेतला. एक घोट घेऊन म्हणाले, "बावीस वर्षांत मी कधी मोजणाऱ्यांच्या हातांकडे पाहिलंच नाही. नुसता आकड्याची वाट बघायचो."

"मला तरी दुसरं काय येतं?" थेल्मा म्हणाली. दोघंही हसले, थोडं अवघडून.

तिच्या अठरा सुट्या मतपत्रिकांत चुकून गेलेलं ओपनशॉंचं एक मत सापडलं. बाकी सगळं जुळलं. दोन वाजून दहा मिनिटांनी ड्रमंडसाहेब मंचावर चढले आणि आकडे वाचले: ओपनशॉ पाचशे अठ्ठ्याऐंशी, सगडन पाचशे ब्याण्णव.

टाळ्या वाजल्या तरी थेल्माला काही कळेना. नसरीननं तिला मंचावर ढकललं. भाषण तिनं लिहिलंच नव्हतं. तिनं आधी मोजणाऱ्यांचे आभार मानले आणि लेनर्डकडे बघून म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते. पण सगळ्यांसमोर 'माझी' म्हणायला छाती लागते. ती या माणसाकडे आहे." लेनर्ड चष्मा पुसू लागले.

ती खाली उतरली तेव्हा ओपनशॉ कोट चढवून पायऱ्यांपाशी थांबले होते. त्यांनी हात पुढे केला.

"संडासाची फाइल माझ्या कपाटात आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाजही आहे त्यात. मी कधी उघडून नीट पाहिली नाही, खरं सांगायचं तर. सोमवारी आणून देतो."

"आणून कशाला देता? समजावूनही सांगा," थेल्मा म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

त्यांनी मान डोलावली. "दहा वाजता येतो मग. आणि हो, नगरपालिकेची पहिली सभा मंगळवारी आहे. सभागृह गरम ठेवणारं यंत्र कित्येक वर्षं बिघडलंय. लोकरीचे मोजे घालून या."